बेळगाव भागात जुनी नाणी वाजवी दरात कुठे मिळतील?

चांदीच्या रुपयासाठी प्रथम शहापूर किंवा खडे बाजारातील सराफांकडे विचारावे, कारण मोडीत आलेला पंचम जॉर्जचा सर्वसाधारण सालाचा रुपया सराफाकडे बहुधा चांदीच्या भावाच्या आसपास मिळतो. हे नाणे 11.66 ग्रॅमचे व 91.7 टक्के चांदीचे, म्हणजे त्यात सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी असते; त्या दिवसाच्या दराने हिशेब करावा आणि काट्यावर वजन पाहूनच सौदा करावा. 1940 ते 1945 च्या रुपयात मात्र निम्मीच चांदी आहे.

शिवराईची, म्हणजे मराठेशाहीतील तांब्याच्या नाण्याची, किंमत धातूवर नव्हे, अक्षरांच्या स्पष्टतेवर ठरते. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे नीट वाचता येतात का ते पाहावे व लिलावांतील पूर्वीच्या विक्रीशी दर ताडावा. चिंचेने घासून चकचकीत केलेली शिवराई, कितीही स्वस्त असली, तरी कृपया घेऊ नये.