स्विच बघ म्हणजे नेमका कुठला स्विच?

"ताई, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून सिक्युरिटी सिस्टिमच्या कामाला लागले त्याला तीन महिने झाले, पण साइटवर सिनियर बोलतात ते निम्मं डोक्यावरून जातं. परवा म्हणाले स्विच बघ, मी नेटवर्क स्विचचे लाइट बघत बसले आणि त्यांना व्हिडिओ स्विचर म्हणायचा होता. सगळे हसले. हे सोडून सॉफ्टवेअरचा कोर्स करू का?"

अगं, कोर्स करायचा तर कर, पण या कारणासाठी नको. त्या दिवशी घोळ तुझ्यापेक्षा त्या शब्दाचा जास्त होता. अॅनालॉग काळात स्विचर म्हणजे कुठला कॅमेरा कुठल्या मॉनिटरवर दिसणार हे ठरवणारा डबा, आयपी कॅमेरे (नेटवर्कवरून चित्र पाठवणारे) आले तसं ते काम सॉफ्टवेअरकडे गेलं आणि स्विच म्हटलं की डेटा आणि पॉवर एकाच केबलमधून देणारा डबा असं झालं. जुन्या साइटवर दोन्ही एकाच रॅकमध्ये असतात. सरळ विचारायचं, व्हिडिओचा की नेटवर्कचा? हसले तर हसू देत.

शब्दांची यादी पाठ करत बसू नकोस, ऐन वेळी काही आठवत नाही. प्रत्येक शब्दामागे कुणाची तरी डोकेदुखी असते, ती शोध. आता हे बघ, सिक्वेन्शियल स्विचर एका मॉनिटरवर कॅमेरे एकामागून एक दाखवतो, एक कॅमेरा जितका वेळ थांबतो तो ड्वेल टाइम. कॅमेरे 16 आणि ड्वेल 5 सेकंद धरला तर फेरी 80 सेकंदांची, म्हणजे एकदा दिसलेलं गेट पुढचे 75 सेकंद दिसतच नाही! म्हणून स्विचरला अलार्म इनपुट दिला, दार उघडलं की फेरी थांबते आणि त्या दाराचा कॅमेरा समोर येतो, याला अलार्म कॉल-अप म्हणतात. आणि 16 पैकी कुठलाही कॅमेरा 4 पैकी कुठल्याही मॉनिटरवर हवा असेल तर 16 बाय 4 मॅट्रिक्स स्विचर.

अलार्मच्या बाजूला मात्र नीट वेळ दे, मुलं तिथेच मार खातात. दाराचा सेन्सर बहुतेक एनसी (नॉर्मली क्लोज्ड) असतो, म्हणजे दार बंद असताना सर्किट पूर्ण, त्यामुळे वायर कापली तरी अलार्म येतो. एनओ (नॉर्मली ओपन, म्हणजे दार बंद असताना सर्किट तुटलेलं) लावला असता तर वायर कापल्याचं पॅनलला, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेल्या अलार्मच्या मुख्य डब्याला, कळलंच नसतं. पण साध्या एनसीमध्ये कुणी दोन वायरी एकत्र पिळल्या तर पॅनलला वाटतं दार बंदच आहे, त्यावर उपाय म्हणजे एंड ऑफ लाइन रेझिस्टर, वायरीच्या सेन्सरकडच्या टोकाला बसवायचा. समजा तो 2.2 किलोओहमचा सिरीजमध्ये लावलाय, तर दार बंद असताना मीटरवर साधारण 2.2, उघडलं की ओपन आणि वायरी शॉर्ट केल्या की जवळपास शून्य. तीन अवस्था, तीन वेगळे आकडे. आणि नावातच एंड ऑफ लाइन असून लोक सोयीसाठी तो पॅनलच्या डब्यातच लावून मोकळे होतात, मग मधल्या वायरीत शॉर्ट झाला तर पत्ता लागत नाही. असा रेझिस्टर दिसला तर सिनियरला जरूर विचार, तुझ्यावर हसणारे जरा गप्प होतील :)

बायपास आणि डिसआर्म यातही गल्लत करू नकोस, बायपास म्हणजे फक्त तो एक झोन (पॅनलला जोडलेली सेन्सरची एक लाइन) बाजूला काढला, डिसआर्म केलं की पहाराच बंद (आग आणि पॅनिकसारखे 24 तासवाले झोन सोडून).

नेमक्या व्याख्या हव्या असतील तर व्हिडिओसाठी आयईसी 62676 आणि घुसखोरीच्या अलार्मसाठी आयईसी 62642 ही स्टँडर्ड्स आहेत, त्यातलं तिसरं कलम व्याख्यांचंच असतं. कोर्स करायचाच असेल तर नेटवर्किंगचा कर आणि नोकरी चालू ठेवून कर, कारण वायर आणि नेटवर्क दोन्ही कळणारा माणूस इन्स्टॉलेशनवरून कमिशनिंगला (बसवलेली सिस्टिम तपासून चालू करून देण्याच्या कामाला) आणि तिथून कंट्रोल रूमच्या डिझाइनला जातो.

पुढच्या साइटवर एका झोनचे ते तीन आकडे स्वतः मोजून बघ. मोजताना वायर पॅनलमधून सोडवावी लागते, त्याआधी सिनियरला सांगून पॅनल टेस्ट मोडवर टाक. मी माझ्या पहिल्या वर्षी न सांगता सोडवली होती आणि सायरन वाजून अख्खी बिल्डिंग खाली आली होती.