नोकरी मॅनहॅटनला, घर जर्सीत: आधी हे बघ

न्यू यॉर्क शहरात, मॅनहॅटनला नोकरी लागली, अभिनंदन! पण शेजारच्या न्यू जर्सी राज्यात, जर्सी सिटीत घर घेतलं की न्यू यॉर्कचा टॅक्स सुटतो, हे डोक्यातून काढून टाक. मीही पहिल्या वर्षी तिथेच फसलो.

- काम जिथे, टॅक्स आधी तिथे. न्यू यॉर्क राज्य पगारातून कापणारच. जर्सी त्याचं क्रेडिट देतं, म्हणजे न्यू यॉर्कला भरलेला टॅक्स आपल्या टॅक्समधून वजा करतं. म्हणून न्यू यॉर्कचा रिटर्न आधी कर, क्रेडिटचा आकडा त्यातूनच येतो.
- खरी बचत न्यू यॉर्क शहराच्या वेगळ्या टॅक्सची: साधारण ३ ते ३.९ टक्के, तोही शहरात राहणाऱ्यांनाच.
- स्वतःच्या सोयीने घरून काम केलंस, तरी न्यू यॉर्क ते दिवस आपल्याच खात्यात धरतं, म्हणजे त्या दिवसांच्या पगारावरही टॅक्स घेतं.

आणि टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून लगेच बॅगा भरू नकोस. तिथल्या घरांचा प्रॉपर्टी टॅक्स एकदा बघ, मग बोलू.