आजोबांवर काय लिहू?

प्रश्न: आमचे आजोबा मराठा लाईट इन्फंट्रीत होते, १९७१ च्या लढाईत पण होते. रिटायर झाल्यावर देवगडला कलमं सांभाळली, नातवंडं वाढवली, पण लढाईबद्दल घरात कधी बोलले नाहीत. वर्षश्राद्धाला त्यांच्यावर दोन पानं लिहायचीयत. कुठून सुरू करू?

उत्तर: ट्रंकेतली मेडल्स काढून बघा. गोल मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. त्यात ‘पूर्वी स्टार’ नावाचं मेडल असेल तर आजोबा आत्ताच्या बांगलादेशच्या बाजूला होते, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिम आघाडीवर. नंबर घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, रेजिमेंटचं सेंटर बेळगावला आहे.

पण खरं सांगू का, मला त्या पानांत लढाईपेक्षा आजोबा जास्त हवेत, म्हणजे आजीला विचारा की मनीऑर्डर आली की पहिला खर्च कशावर व्हायचा, गणपतीला सुट्टी नाही मिळाली त्या वर्षी आरती कोणी केली, आणि लढाईनंतर घरी आले तेव्हा तुमच्या बाबांनी त्यांना ओळखलं का. हे कुठल्याच रेकॉर्डमध्ये नाही मिळणार, आजीशी आजच बोला, अर्ज पुढच्या आठवड्यात केला तरी चालेल.