सारांशात काय सुटतं?

प्रश्न : ताई, एकेकाळी हाताला लागेल ते मी वाचून काढायचे. आता माझ्या हातात कादंबरी दिसली की माझी एकोणीस वर्षांची मुलगी म्हणते, "आई, चारशे पानं कशाला? गोष्ट मोबाइलवर पाच मिनिटांत कळते. आणि माहितीसाठी कादंबरी कोण उघडतं?" मला उत्तर सुचत नाही. साहित्य वाचून आज नेमकं काय मिळतं?

उत्तर : माहितीच्या बाबतीत तुमची मुलगी बरोबर आहे, तिथे वाद घालू नका. वाचनाने माणूस सहृदय होतो हे विज्ञानाने सिद्ध केलंय, असंही तिला सांगू नका. २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात तसा एक अभ्यास आला होता. कसदार कथेचा उतारा वाचला की समोरच्याच्या मनातलं ओळखणं लगेच सुधारतं, असा त्याचा निष्कर्ष. पुढे इतर संशोधकांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा तसं काही दिसलं नाही. मला नवल वाटलं नाही. नुसत्या वाचनाने माणूस सुधारत असता, तर आम्हा मुद्रितशोधकांइतकी प्रेमळ जमात जगात दुसरी नसती!

तीस वर्षं मी मुद्रितं तपासली. त्यात रशियन लेखक अंतोन चेखवच्या एका कथेचा अनुवाद आला होता. १८८६ ची कथा, मूळ नाव 'तोस्का'. लिहिणारा सव्विशीतला डॉक्टर. इओना नावाचा म्हातारा गाडीवान, पीटर्सबर्गमधली बर्फाची संध्याकाळ. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात गेलाय आणि त्याला ते कुणाला तरी सांगायचंय. गाडीत एक लष्करी अधिकारी बसतो. "कशाने गेला?" असं विचारतो, पण इओना सांगू लागताच गाडी हाकायला सांगून डोळे मिटून घेतो. नंतर तीन टवाळ तरुण येतात. त्यांच्यातला एक म्हणतो, सगळेच मरणार आहेत. शेवटी इओना तबेल्यात जातो आणि आपल्या घोडीला सगळं सांगतो.

शेवटच्या पानावर 'घोडी'चं 'घडी' झालं होतं. मी ते सुधारलं, समासात खूण केली आणि पुढचा गठ्ठा ओढला. कथा मला मुळीच लागली नाही. वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता, पण त्या दिवशी मी फक्त अक्षरं पाहिली.

काही वर्षांनी माझी बहीण गेली. भेटायला येणारे विचारायचे, "काय झालं होतं?" मी सांगायला लागले की चौथ्या वाक्याला त्यांची नजर घड्याळाकडे जायची. वाईट नव्हती हो ती माणसं. एका रात्री ती दुरुस्त केलेली घोडी आठवली. पुस्तक शोधून काढलं. या वेळी मात्र त्या अधिकाऱ्यापाशीच अडखळले, कारण दुसऱ्यांच्या घरी भेटायला जाऊन मीही तेच करत आले होते. हे मला कुणी तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते. चेखव काहीच सांगत नाही, नुसता गाडीत शेजारी बसवतो, आणि उतरायची घाई झालेली आपल्यालाच कळते. पाच मिनिटांच्या सारांशात ही घाई कशी कळणार? सारांश म्हणजे तीच घाई की.

म्हणून तुमच्या मुलीला उत्तर देऊ नका, ही कथा द्या. जेमतेम सात-आठ पानांची आहे. वाचून झाली की तिला एवढंच विचारा, की इओनाच्या मुलाचं नाव काय होतं? मी वर तुम्हाला अख्खी कथा सांगितली, त्यात ते कुठेच आलेलं नाही. त्या प्रवाशांनीही ते विचारलं नव्हतं. अगदी शेवटच्या ओळींमध्ये इओना ते घोडीला सांगतो.