त्या सालातच उभी राहा

प्रिय मुली,

"सर, मी बाजू कोणती घेऊ?" हे तू पत्राच्या अगदी शेवटी घाईत लिहिलेलं दिसतंय. आधीची चार पानं त्याच प्रश्नाला बगल देण्यात गेली आहेत. एका पुस्तकात इस्रायल म्हणजे दोन हजार वर्षांच्या प्रार्थनेचं फळ, दुसऱ्यात पहिल्या दिवसापासून रचलेलं कारस्थान, आणि या दोहोंमध्ये तुझा प्रबंध अडकलाय. बाजूचं मी काही सांगणार नाही. एवढंच सांगतो की दोन्ही पुस्तकांची खोड एकच आहे. दोन्ही लेखकांना १४ मे १९४८, म्हणजे इस्रायल जाहीर झाल्याचा दिवस, ठाऊक आहे आणि दोघंही तिथून उलटे चालत मागे येतात. तू तसं करू नकोस. ज्या सालाबद्दल लिहितेस त्या सालात उभी राहा. पुढचं साल अजून उजाडलेलंच नाही, असं धरून लिही.

१८९७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या पहिल्या झायोनिस्ट परिषदेत, म्हणजे ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये घर हवं म्हणणाऱ्या चळवळीच्या बैठकीत, "ज्यू राज्याचा पाया घातला गेला" असं तू लिहिलंस. परिषद भरवणाऱ्या थिओडोर हर्झलनेही रोजनिशीत तसंच लिहिलं. पाच वर्षांत नाहीतर पन्नास वर्षांत सगळ्यांना कळेल, असंही लिहिलं. पण त्या दिवशी ते एका व्हिएन्नाच्या पत्रकाराच्या वहीतलं वाक्य होतं. परिषद मुळात म्युनिकला भरायची होती, तिथल्या ज्यू पुढाऱ्यांनीच विरोध केला म्हणून ती बाझलला न्यावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात रशियन साम्राज्यातल्या विल्नामध्ये बुंड स्थापन झाला. जिथे राहतो तिथेच लढायचं, असं मानणाऱ्या ज्यू कामगारांचा पक्ष. यातलं टिकेल काय, असं तुला १८९७ मध्ये कुणी विचारलं असतं, तर तू बहुधा बुंडचं नाव घेतलं असतंस. आणि सामान्य माणूस? १८८१ मध्ये झारचा खून झाला, ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून १९१४ पर्यंत पूर्व युरोपातून सुमारे २० लाख ज्यू अमेरिकेला गेले. पॅलेस्टाइनला गेले ते जेमतेम साठ-सत्तर हजार. हे तुझ्या पहिल्या पानावर यायला हवं, तळटिपेत नव्हे.

आता १९०३. या सालाला तू दोन ओळी दिल्यास. दोन ओळी! वाचून मला राग आला.

एप्रिलमध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्हला जमावाच्या हल्ल्यात ४९ ज्यू मारले गेले. ऑगस्टमध्ये बाझलला सहावी परिषद भरली आणि हर्झलने ब्रिटिशांचा देकार पुढे ठेवला: पूर्व आफ्रिकेत जमीन. आपण त्याला युगांडा योजना म्हणतो, जमीन आजच्या केनियातली. व्यासपीठामागे दरवेळी पॅलेस्टाइनचा नकाशा असे, तिथे या वेळी पूर्व आफ्रिकेचा होता. हर्झलचं म्हणणं साधं होतं: माणसं मरताहेत, तूर्त आसरा घेऊ. पाहणी पथक पाठवावं या बाजूने २९५ मतं पडली, विरोधात १७८. आणि विरोधात कोण? खुद्द किशिनेव्हचे प्रतिनिधी. ज्यांच्या गावात नुकत्याच तिरड्या उठल्या होत्या, तेच नको म्हणाले. रशियातले प्रतिनिधी सभागृह सोडून बाहेर गेले, काही जण जमिनीवर बसून रडले, यरुशलेमच्या प्राचीन मंदिराच्या विध्वंसाचा शोक करतात तसे. हर्झल त्यांची समजूत घालायला गेला. समारोपाला त्याने उजवा हात वर करून हिब्रूत स्तोत्रातली ओळ म्हटली: हे यरुशलेमा, मी तुला विसरलो तर. पुढच्या जुलैत, वयाच्या ४४ व्या वर्षी, तो गेला. १९०५ च्या परिषदेने योजना फेटाळली.

१९४८ मधून पाहिलं की हे एक छोटं वळण वाटतं. त्या सालात उभी राहिलीस तर दिसेल की चळवळ तिथेच दुभंगू शकत होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने माझ्याकडून या विषयावर छोटं पुस्तक मागितलं होतं. हे प्रकरण काढा म्हणाला, मराठी वाचकाला युगांडा कशाला? मी हस्तलिखित परत घेतलं. पुस्तक आलंच नाही. त्याची खंत आजही आहे, पण निर्णयाची नाही. ते प्रकरण गाळलं असतं तर पुस्तकात निकाल उरला असता, माणसं उरली नसती. लोक मला हेकट म्हणाले. म्हणोत.

१९१७ चंही तेच. बाल्फोर जाहीरनामा, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या "राष्ट्रीय घराला" पाठिंबा देणारं ब्रिटिश सरकारचं पत्र, हा इंग्रज आणि ज्यू यांच्यातला सौदा, असं तू एका वाक्यात उरकलंस. अगं, त्याला मंत्रिमंडळात सर्वांत कडवा विरोध केला तो एका ज्यू मंत्र्यानेच, एडविन माँटेग्यूने. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे आपण ज्याला शाळेपासून ओळखतो तो भारतमंत्री. ज्यूंचं राष्ट्र वेगळं ठरलं तर माझं इंग्रजपण कुठे राहिलं, ही त्याची धास्ती. मंत्रिमंडळाने मजकुराला अखेरची मंजुरी दिली तेव्हा तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाला होता.

पण सावध राहा. त्या सालात उभं राहणं म्हणजे सगळ्यांना माफ करणं नव्हे. "तेव्हा कुणाला कल्पना होती?" ही पळवाट मी चालू देणार नाही. कल्पना होती. १ मार्च १८९९ ला जेरुसलेमचे माजी महापौर यूसुफ झिया अल-खालिदी यांनी फ्रान्सच्या प्रमुख रब्बींना पत्र लिहिलं. ज्यूंचं त्या भूमीशी असलेलं जुनं नातं त्यांनी मान्य केलं, आणि बजावलं की तिथे माणसं राहतात, देवासाठी पॅलेस्टाइनला शांत राहू द्या. पत्र हर्झलकडे पोचलं, त्याने उत्तर पाठवलं: आमच्या येण्याने तुमची भरभराटच होईल. १९२२ च्या पॅलेस्टाइनच्या जनगणनेत ७,५७,१८२ माणसांपैकी ज्यू होते ८३,७९४. उरलेल्या बहुसंख्यांचा उल्लेख बाल्फोर जाहीरनाम्यात "बिगर-ज्यू समाज" एवढाच आहे. १९४८ ला सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले, त्यांच्या या आपत्तीला ते नकबा म्हणतात. या प्रकरणाची सुरुवात १९४८ पासून करू नकोस, खालिदींच्या पत्रापासून कर.

आणि "होलोकॉस्टमुळे इस्रायल झालं" हे वाक्य खोड. १९३९ पर्यंत तिथे साडेचार लाख ज्यू होते, कामगार संघटना होती, हिब्रू विद्यापीठ होतं, हगाना ही सशस्त्र संघटना होती. मे १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलात राज्याची मागणी उघडपणे मांडली गेली, तेव्हा युरोपातल्या कत्तलीचं पूर्ण रूप बाहेर कळलेलंही नव्हतं. ज्यांच्यासाठी राज्य हवं होतं, तीच माणसं त्या कत्तलीत गेली. युद्धानंतर छावण्यांतल्या निर्वासितांमुळे जगावर दडपण आलं, हे खरं. पण दडपण येणं वेगळं आणि मूळ कारण वेगळं.

तुझ्या हाताशी असलेली एक गोष्ट तू पाहतच नाहीस. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, आपले शनिवार तेली. घरात मराठी, शनिवारी घाणा बंद. त्यांच्यावर इथे कधी हल्ले झाले नाहीत, तरी १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक जण इस्रायलला निघून गेले. का? आमच्या आळीतलं एक कुटुंब गेलं तेव्हा मी तरुण होतो, आणि त्या आजोबांशी बसून बोलायचं राहून गेलं. तुला अजून वेळ आहे. तिकडे मराठी बोलणारी म्हातारी माणसं आहेत. फोन कर, बोल. आज काय वाटतं हे विचारू नकोस, बोटीत चढताना काय वाटत होतं ते विचार. आणि हिब्रू शिकायला लाग. मी आयुष्यभर इंग्रजी अनुवादांवर काढलं, तू काढू नयेस.

दुसरं प्रकरण नव्याने लिही आणि मे १९३९ वर थांब. ब्रिटिशांची श्वेतपत्रिका निघाली आहे, पॅलेस्टाइनमध्ये पाच वर्षांत ७५ हजार ज्यूंनाच प्रवेश मिळणार आहे, एवढंच तुला माहीत आहे. सप्टेंबरात महायुद्ध पेटणार हे माहीत नाही. गणपतीच्या आधी पाठव.

तुझा,
सर