हळदीचं पुस्तक कोणत्या कपाटात?

नमस्कार काका,

वसमतहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. 'आम्ही ठरवलं' पाच वेळा आलंय. लेकीला काय वाटतं, ते एकदाही नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, एमपीएससी नको, ग्रंथालयशास्त्र करते म्हणाली. "पुस्तकं पुसायला कशाला शिकायचं?" असं तुम्ही सुनावलंत आणि तेव्हापासून महिनाभर घरात अबोला. बारावीचे टक्के दशांशासकट कळवलेत. मला घोर टक्क्यांचा नाही, त्या अबोल्याचा आहे. पोरीनं मागितलं काय, तर एक वर्षाचा अभ्यासक्रम!

आता 'पुस्तकं पुसणं'. तुमच्याच शिवारातली हळद घ्या. एका पुस्तकात तिची लागवड आहे, औषधी गुण आहेत, लोणच्याची कृतीही आहे. ठेवायचं कुठं? मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाच्या १८७६ च्या दशांश पद्धतीत प्रत्येक विषयाला क्रमांक असतो: शेती ६३० त, औषधं ६१५ त, स्वयंपाक ६४१ त. पुस्तक एक, जागा एक. लेखकाचा भर कशावर आहे हे पाहून ग्रंथपाल क्रमांक देतो. मग औषध शोधत आलेला माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून सूचीत त्या विषयाचीही नोंद करतो. ती राहिली, तर पुस्तक कपाटात असून हरवलेलंच. आपल्याकडचे थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन आधी गणित शिकवायचे. त्यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण आणलं: पीक कोणतं, रोग कोणता, प्रदेश कोणता, असे विषयाचे पैलू सुटे करायचे आणि द्विबिंदूसारख्या (:) खुणांनी जोडून क्रमांक बांधायचा. हे झाडूफडक्याचं काम वाटतं का?

ताजा कलममध्ये तुम्ही कुरकुर केलीत, की गावच्या वाचनालयात उंचीप्रमाणे लावलेली पुस्तकं तिनं उतरवून विषयवार लावली, आणि रात्री वहीत लेखकांची यादी करत बसते. सगळ्या पत्रात मला तेवढंच कामाचं वाटलं.

वाट सरळ आहे: बी.लिब., एम.लिब. या ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या, महाविद्यालयात जायचं तर नेट-सेट ही पात्रता परीक्षा. संभाजीनगरच्या विद्यापीठात विभाग आहे. जागा थोड्या निघतात, गावच्या अनुदानित वाचनालयात मानधन तुटपुंजं. हे तिला जरूर सांगा. पण एमपीएससीच्या जागा काय पंगतीत वाढतात?

पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. पाकीटही तिलाच चिकटवू द्या.