थेंब घातल्यावर एकटीने लोकल? अजिबात नको

आई ६८ वर्षांच्या, मधुमेह आहे, कोपरखैरण्यात एकट्या राहतात आणि तुम्ही बंगळुरात. बुधवारी नेरुळला मोतीबिंदूची तपासणी आहे आणि त्यांचं म्हणणं, 'नुसती तपासणी तर आहे, लोकलने जाऊन येईन, कुणाला कशाला त्रास?' सोबत खरंच लागते का आणि तयारी काय करायची, असं तुम्ही विचारलंय. माझे दोन्ही डोळे झालेत, त्याआधी मोठ्या बहिणीचे मीच उभं राहून करवून घेतले, म्हणून सविस्तर लिहितो.

सोबत लागतेच. ऑपरेशनला कुणी एकटं जातच नाही. फसगत होते ती तपासणीच्या दिवशी.

माझी झाली. मी नौपाड्यात राहतो, दवाखाना स्कूटरवरून दहा मिनिटांवर. ऐटीत स्कूटर काढून गेलो. डोळ्याच्या आतला मागचा पडदा तपासायचा म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घातले, अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बसवलं, तपासलं, सोडलं. दुपारी एकला गोखले रोडवर पाऊल टाकलं आणि ऊन अंगावर धावून आल्यासारखं वाटलं. गाड्यांच्या काचांवरची तिरीप सोसवेना. स्कूटर तिथेच सोडली आणि रिक्षा केली. मीटरचे आकडे दिसेनात, ते रिक्षावाल्याने वाचून सांगितले. खरी पंचाईत पुढेच. फोनवर पैसे द्यायचे तर पिनचे आकडे एकमेकांत मिसळलेले. दोनदा चुकला. शेवटी वॉचमनकडून शंभर रुपये उसने घेतले. घरी गेल्यावर बायकोने जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

थेंबांचा असर साधारण चार ते सहा तास राहतो, कुणाकुणाला जास्तही. जवळचं तर मुळीच दिसत नाही. म्हणजे टॅक्सी बोलावली तरी गाडीचा नंबर आणि ओटीपी वाचता येणार नाही. प्लॅटफॉर्म आणि डब्यामधली फट, जिन्याची शेवटची पायरी, हे सगळं अंदाजाने. शेजारचा कॉलेजात जाणारा एखादा मुलगा असेल तर त्याला अर्धा दिवस मागून घ्या. जाताना ट्रान्स-हार्बर लोकलने गेल्या तरी चालेल, येताना दारापर्यंत गाडी. पर्समध्ये सुट्या नोटा, टोपी किंवा छत्री, आणि काळा चष्मा.

आता तयारी. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे औषधं. नावं सांगत बसू नका, गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर 'ऑपरेशन आहे' म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू देऊ नका. ते डोळ्यांचे डॉक्टर आणि नेहमीचे डॉक्टर मिळून ठरवतील. दुसरी एक गोळी लोक हमखास विसरतात, ती टॅमसुलोसिन. पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात, पण मूतखड्यासाठी बायकांनाही दिली जाते. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडून बाहुली अचानक आकसू शकते. आधी माहीत असलं की सर्जन तयारीत असतो. कधीकाळी घेऊन बंद केली असली तरी सांगायची.

मधुमेह आहे म्हणजे साखरेचे अलीकडचे रिपोर्ट, त्यात एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), सोबत हवेत. मोतीबिंदू काढला तरी मागचा पडदा मधुमेहाने खराब झाला असेल तर नजर हवी तेवढी सुधारत नाही, म्हणून पडदा नीट पाहून घ्या असं आग्रहाने सांगा. दवाखान्याने उपाशी यायला सांगितलं नसेल तर नाश्ता करून, नेहमीच्या गोळ्या घेऊनच जायचं. तिथे तीन तास सहज मोडतात. जुना चष्मा आणि जुने नंबरचे कागद न्या. त्या दिवशी काजळ नको. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या किती दिवस आधी काढून ठेवायच्या ते फोन करून विचारावं, कारण त्या लेन्समुळे बुबुळाची वक्रता बदलते आणि मापं चुकतात.

ही मापंच त्या दिवसाचा गाभा. यंत्रावर हनुवटी टेकवून दिव्याकडे बघायचं. तेवढ्यात ते बुबुळाची वक्रता आणि डोळ्याची लांबी मोजतं. लांबी साधारण २३-२४ मिलिमीटर, आणि ती एका मिलिमीटरने चुकली तर आत बसवायच्या भिंगाचा नंबर अडीच-तीनने चुकतो. आईंना सांगा, मध्ये बोलायचं नाही, हलायचं नाही. डोळा कोरडा वाटला तर 'थांबा' म्हणायचं, पुन्हा घेतात. बहिणीचं माप तीनदा घेतलं, ती वैतागली, पण मला बरंच वाटलं.

मग काउन्सेलर पॅकेजचा कागद पुढे करतील. त्यात भिंगांचे प्रकार असतात. मोनोफोकलने लांबचं स्वच्छ दिसतं, वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकलमध्ये चष्मा बराचसा सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि पडदा खराब असेल तर डॉक्टर सहसा ते टाळायलाच सांगतात. बुबुळाची वक्रता सगळीकडे सारखी नसेल तर टॉरिक भिंग. माझं मत विचाराल तर मधुमेही माणसाने साधं मोनोफोकल घेऊन वाचायचा चष्मा आनंदाने लावावा. आई पोथी वाचतात, विणतात की बराच वेळ टीव्ही बघतात, हे मात्र डॉक्टरांना नक्की सांगायचं. 'महागातलं द्या' एवढंच सांगून कुणी भिंग निवडू नये. आणि 'अजून पिकला नाही, पिकू दे' हा सल्ला देणारी एखादी मावशी प्रत्येक घरात असते. ती पद्धत गेली. फार पिकलेला मोतीबिंदू उलट कडक होतो आणि काढायला अवघड जातो.

विम्याचं थोडक्यात: बऱ्याच पॉलिसींत मोतीबिंदूला सुरुवातीची दोनेक वर्षं संरक्षण नसतं आणि दर डोळ्यामागे मर्यादा असते. पॉलिसी आधीच वाचा, कॅशलेसची मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्या.

ऑपरेशनचं कौतुक मी करत नाही, बहुतेकांचं पंधरा-वीस मिनिटांत आटपतं. आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून घ्यायची, नंतर काही दिवस मिळणार नाही. चादरीखाली असताना खोकला आला तर आधी तोंडाने सांगायचं, मग खोकायचं.

घरी येताना बंद काचांची गाडी करा. रिक्षात दोन्ही बाजूंनी धूळ येते, आणि लोकलच्या गर्दीत एक कोपर लागला तरी महागात पडेल. एका डोळ्यावर झाकण असलं की खोलीचा अंदाज जातो. बहिणीने पहिल्याच संध्याकाळी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. सोसायटीची लिफ्ट त्या दिवशी दुरुस्तीला नाही ना, तेही विचारून ठेवा. आणि लोक विसरतात ते हे, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायला बोलावतात. दवाखान्यात जाण्यायेण्याची सोबत दोन्ही दिवसांची ठरवा. तुम्हाला रजा काढायची असेल तर तपासणीपेक्षा तेव्हा काढा.

ऑपरेशननंतर घालायच्या थेंबांचा तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. दोन वेगळ्या थेंबांमध्ये किमान पाच मिनिटं. बाटलीवर हलवा असं लिहिलं असेल तर खरंच हलवायची. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. हे सगळं एकट्या बाईला जमत नाही, पहिले चार दिवस कुणी तरी हवं. झोपताना डोळ्यावर झाकण, डोळा चोळायचा नाही, आत पाणी जाऊ द्यायचं नाही, पाण्याची बादली उचलायची नाही. दुसऱ्याच दिवशी मोहरी तडतडवायला गॅससमोर उभ्या राहतील, त्यावर लक्ष ठेवा. माझी बहीण राहिली होती.

थोडं खुपणं, पाणी येणं चालतं. पण दुखणं वाढत गेलं, डोळा जास्त लाल झाला, दिसत होतं ते कमी झालं, चमका किंवा काळे ठिपके अचानक वाढले, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजताही फोन करायचा. दवाखान्याचा तातडीचा नंबर बुधवारीच मागून घ्या आणि जाड मार्करने कागदावर लिहून फ्रिजवर लावा. फोनमध्ये साठवलेला नंबर त्या वेळी त्यांना वाचता येणार नाही.